किती आले?

जाळीचा शेवटचा कोपरा तेवढा राहिला होता. जाळीवाला मुलगा गॅलरीच्या कठड्यावर एक पाय टाकून उभा, ओठांत चार हूक धरलेले, आणि मी खाली स्टूल धरून. मे महिन्यातले सकाळचे दहा. ग्वाल्हेरात त्या वेळी ऊन चढत नसतं, पेटलेलंच असतं. तेवढ्यात त्या वीतभर फटीतून एक कबूतर आत आलं आणि वॉशिंग मशीनवर बसलं. आमच्याकडची नेहमीची कबुतरं नुसता हात उचलला तरी फडफडत सुटतात. हे हलेना. चोच उघडी, छाती भात्यासारखी वरखाली, पंख जरा सुटलेले. अंगाने पांढरं, मानेवर विटकरी शिंतोडे. पोराने तोंडातले हूक खिशात टाकले आणि म्हणाला, "आंटी, ये जंगली नहीं है. किसी का है." त्याने दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि एक पंख पत्त्यांसारखा उलगडून दाखवला. आतल्या बाजूला, जिथे पिसं पातळ होत जवळजवळ आरपार दिसतात, तिथे जांभळ्या शाईचा शिक्का होता. दहा आकडे. एका पायात निळी प्लॅस्टिकची रिंग.

फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला गेला. कुणीतरी तरुण आवाज, मागे मोटारसायकलची फुरफुर. मी आपली उत्साहाने सांगतेय की तुमचं कबूतर सापडलंय, इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आहे, पत्ता लिहून घ्या. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "हाँ, अपना ही था," तो म्हणाला. "कल टूर्नामेंट में उड़ाया था. रख लो आंटी, नहीं तो छोड़ दो. जो दूसरे की छत पे बैठ गया, वो फिर अपने किस काम का." आणि ठेवला फोन. त्याच्या आवाजात राग नव्हता, वाईटही वाटलेलं नव्हतं. माझ्या डोक्यात अडकलं ते ते 'था'. समोर जिवंत बसलंय, धापा टाकतंय, आणि मालकाने त्याला भूतकाळात जमा करून टाकलेलं.

जाळीवाल्याने शेवटचा कोपरा उघडाच ठेवला. "बाद में आके लगा दूँगा," म्हणाला, आणि हिशेबातले तीनशे रुपये त्याने आपणहून मागे ठेवले.

खरं म्हणजे कबुतर या जातीशी माझं भांडण आहे. एसीच्या बाहेरच्या खोक्यामागे त्यांची काड्यांची घरटी, वाळत घातलेल्या चादरीवर त्यांची नक्षी, आणि दुपारी डोळा लागला की कानाशी ते घुमणं. आजी म्हणायची, ज्या घरात पारवे घुमतात ते घर उजाड होतं. लहानपणी मला वाटायचं पारव्यांमुळे घरं उजाड होतात. पुढे कळलं की आधी माणसं जातात, मग पारवे येतात. यंदा यांचा खोकला तीन महिने हटला नाही तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो कबुतरांचा. कबुतरांच्या विष्ठेची, पिसांची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की फुप्फुसं सुजतात, कडक होतात. म्हणून जाळी. गेल्या वर्षी, २०२५च्या ऑगस्टमध्ये, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला आणि ती ताडपत्री लोकांनी फाडली, तेव्हा मुंबईची मावसबहीण रोज फोनवर तावातावाने बोलायची. मी 'हो हो' म्हणत राहायची. माझ्याकडून तिला पूर्ण होकार काही मिळाला नाही, आणि त्याचं कारण नाना.

नाना म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. गोठीतल्या आमच्या वाड्याच्या सगळ्यात वरच्या गच्चीवर त्यांची कबुतरं होती. लष्करातल्या गोठी आणि ओळी, या जुन्या वस्त्या, बाहेरच्या माणसाला समजावून सांगत बसणं अवघड, पण इथल्याला 'गोठीत' म्हटलं की पुरे. पुण्याचे पाहुणे आले की म्हणायचे, "नाना, तुमची ढाबळ दाखवा." आम्हाला तो शब्द ऐकून हसू यायचं. आमच्याकडे ते काबुक. लाकडी फळ्यांचे कप्पे, पुढे तारेची दारं, खाली राख पसरलेली. आणि गच्चीच्या मधोमध उंच बांबूवर बांधलेली चौकोनी तारेची चौकट, जिच्यावर उतरून कबुतरं बसत, ती छत्री. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाच्या तोंडी छत्रीचे तीन अर्थ आहेत: पावसाची, शिंद्यांची आणि कबुतरांची. 'छत्रीवर जाऊन येतो' म्हणून घरातलं कुणी निघालं तर नेमकं कुठे निघालं हे ऐकणाऱ्याने चेहऱ्यावरून ओळखायचं.

भाषा सगळी अशीच होती. नानांचं मराठी शुद्ध, पेशवाई वळणाचं, पण काबुकासमोर उभे राहिले की तोंडातून निघायचं ते वेगळंच. गिरहबाज, लक्का, शिराजी, कलसिरा. थव्याला टुकडी. लक्का म्हणजे मोराच्या तोऱ्यात शेपटी उभारून मिरवणारा, उडण्यात शून्य. आत्याबाई नवऱ्याकडच्या एका दिराला लक्का म्हणत. काळ्या डोक्याचा तो कलसिरा. गिरहबाज वर जातो आणि तिथे कोलांट्या खातो. घरात जेवताना या शब्दांना बंदी होती. आजोबांच्या मते पतंग, पत्ते आणि कबुतरं ही तीन दारं एकाच गल्लीत उघडतात. नाना कारकुनी करून पगार घरात देत होते, दारूच्या थेंबाला शिवत नव्हते, तरी त्यांची ओळख करून देताना लोक आवाज किंचित खाली आणत: "थोरले ना, ते जरा कबुतरबाज." त्यात दुसराही एक पदर होता. संध्याकाळी गच्चीवर उभा राहून वर बघणारा माणूस खरंच वरच बघतोय का, याची गल्लीतल्या बायकांना खात्री नसे. नाना शिट्टी वाजवत जिना चढू लागले की शेजारच्या गच्चीवरचे वाळलेले कपडे भराभर गोळा होत. मला वाटतं नानांना हे ठाऊक होतं. म्हणूनच ते जिन्यातूनच शिट्टी सुरू करत.

संध्याकाळचा तो अर्धा तास. आधी दारं उघडायची. पहिले काही क्षण काहीच होत नाही, नुसती नखांची खरखर. मग एकदम सगळ्यांचा मिळून एक आवाज, जाड कापड जोरात झटकल्यासारखा, आणि तोंडावर धुळीचा, पिसांचा, बाजरीच्या कोंड्याचा वास. टुकडी आधी वाड्याभोवती घिरटी घेई, मग मोठी, मग त्याहून मोठी. आमच्या गच्चीवरून किल्ला दिसायचा, अजूनही दिसतो, टाक्यांच्या आणि टॉवरच्या मधून. टुकडी किल्ल्याच्या काळ्या कातळासमोरून जायची तेव्हा पांढरी ठिपके-ठिपके दिसे, आणि तिथून वळली की आभाळावर येऊन एकदम काळी. पंधरा पक्षी एका क्षणात रंग बदलत. नाना काठीला बांधलेलं फडकं हलवत, आणि मान वर करून एकच प्रश्न विचारत, "किती?"

ते माझं काम होतं. नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता आणि माझी नजर घारीची. उडती टुकडी मोजायची युक्ती त्यांनीच शिकवली. एकेक करून मोजायला गेलीस तर ती हलते आणि तू चुकतेस. तीन-तीनचे घास करायचे. पाच घास झाले की पंधरा. एखादा घास अपुरा वाटला तर लगेच बोलायचं नाही, टुकडी वळू द्यायची, मग पुन्हा. शिकरा कुठे आहे का हेही बघायचं, तो कबुतरांच्या वर नसतो, खाली झाडात दडलेला असतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला घरात एवढं महत्त्वाचं काम दुसरं कुठलंच मिळत नव्हतं. "पंधरा!" मी ओरडले की नाना ते फडकं खाली ठेवत आणि "आओऽ आओऽ" सुरू करत.

आणि शर्यत. हल्ली जिला शर्यत म्हणतात ती नव्हे. आमची छोट्या लाइनची शर्यत. नानांच्या पंधरांतली चार कबुतरं वाट काढण्यात पटाईत होती. थंडीतल्या एखाद्या रविवारी आत्याचा मुलगा, आमचा दादा, ती चार कबुतरं झाकणाच्या टोपलीत घालून पहाटेच्या गाडीने जौऱ्याला जाई. दोन फूट रुंदीच्या रुळांवरची ती गाडी, टपावरही माणसं बसलेली, चढ आला की पोरं उतरून शेजारून चालत. जौरा म्हटलं की लोकांना १९७२ सालचं दरोडेखोरांचं आत्मसमर्पण आठवतं, मला ती टोपली आठवते. दादा स्टेशनाबाहेर टोपली उघडायचा आणि वेळ चिठ्ठीवर लिहायचा. इकडे मी गच्चीवर, नानांचं मनगटी घड्याळ दंडावर चढवून, कारण मनगटावर ते थांबतच नसे. गाडीला जायला अर्धा दिवस लागे, कबुतरांना यायला तासभर. ती येत ती कशी, हे मला कधीही आधी दिसलं नाही. आभाळ रिकामं, रिकामं, रिकामं, आणि मग छत्रीवर चारजण बसलेले, जणू मघापासून इथेच होते. दादा रात्री गजक घेऊन परतायचा आणि जिन्यातूनच विचारायचा, "आले?" दिवसभर तो निकालाशिवाय काढायचा! आज हे कुणाला सांगून पटणार नाही. ती गाडीही २०२०त बंद झाली.

ही कबुतरं वाट कशी शोधतात यावर नानांचं एक मत होतं, की ती किल्ला बघून येतात. शास्त्रज्ञ म्हणतात सूर्याची दिशा, पृथ्वीचं चुंबकत्व, वास, आणि ओळखीच्या मुलखात चक्क रस्ते आणि रेल्वेचे रूळ धरूनही ती येतात. म्हणजे छोट्या लाइनचे रूळ धरून त्यांनी त्याच गाडीला हरवलं असेल. हे नानांना सांगता आलं असतं तर ते दोन दिवस खूश राहिले असते.

आजोबांच्या टोमण्यांवर नानांकडे एकच हुकमी पान होतं: अकबर. बादशहाने या छंदाला 'इश्कबाजी' नाव दिलं होतं, दरबारात वीस हजारांवर कबुतरं होती आणि त्यांतली पाचशे खास, असं अबुल फजलाने आईने अकबरीत लिहून ठेवलंय. आणि तो अबुल फजल, नाना तर्जनी दक्षिणेकडे करून म्हणत, तो इथे आपल्या आंतरीला पुरलाय. १६०२ साली दख्खनहून परतताना वीरसिंह बुंदेल्याने त्याला तिथेच गाठून मारला. आजोबा शांतपणे म्हणायचे, "कबुतरांवर लिहिलं, त्याचं फळ." एकदा नाना मला सायकलवरून आंतरीला घेऊन जाणार होते. राहिलं. मी अलीकडे, साठीला आल्यावर, गाडीने गेले. छोटीशी कबर, आजूबाजूला शेतं, आणि कठड्यावर, अर्थातच, दोन पारवे.

आता तो प्रसंग, जो मी कुणाला सांगितलेला नाही.

नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते १९७६च्या जूनमध्ये. तेव्हा आतासारखं नव्हतं की सकाळी जा आणि दुपारी चष्मा लावून पेपर वाचा. डोळ्यावर हिरवी पट्टी, मान हलवायची नाही, जिना बंद. कबुतरं माझ्यावर आणि दादावर. नानांचा नियम होता की दिवेलागणीच्या आत टुकडी खाली. त्या दिवशी दादा नव्हता. दिवसभर लू वाहिली होती आणि संध्याकाळी पश्चिमेला धूळ अशी तांबूस झाली होती की मला त्या रंगावर टुकडी उडताना बघायची होती. एवढंच कारण. मी दारं उशिरा उघडली. खूप सुंदर दिसलं, हे आजही कबूल करते. मग अंधार असा भरभर आला की मी 'आओ आओ' करताना माझा आवाज मलाच रडका वाटू लागला. छत्रीवर उतरलेल्यांना मी हाताने चाचपत कप्प्यांत घातलं. पाच घास. शेवटचा घास दोनचा. पुन्हा मोजलं. कलसिरी मादी नव्हती, जी जौऱ्याहून सगळ्यांच्या आधी यायची.

खाली आले. नाना पलंगावर उताणे, पट्टीखालून गालावर औषधाचा ओघळ. त्यांनी विचारलं, "किती आले?"

"पंधरा," मी म्हटलं.

"शाबास," म्हणाले, आणि काकूला म्हणाले, वाढ आता. ते जेवायला थांबले होते. मला वाटलं होतं सकाळी उजाडताच ती येईल आणि खोटं खरं होऊन जाईल. कबुतरं रात्री कुठेतरी बसून सकाळी येतात, हे नानांनीच सांगितलेलं. ती आली नाही. चार-पाच दिवसांनी डॉक्टरांना न विचारता नाना भिंत धरून वर गेले. मी मागोमाग. त्यांनी एकेका कप्प्यात हात घातला, एकेकाच्या पाठीवरून फिरवला. कलसिरीच्या कप्प्यात हात थोडा जास्त वेळ राहिला. तिथे तिचा नर होता आणि दोन अंडी. नर आणि मादी आळीपाळीने अंड्यांवर बसतात. एकट्या नराने ती कशी उबवावीत? नानांनी अंडी काढून कठड्यावर ठेवली, हात धोतराला पुसला आणि खाली उतरले. मला काही म्हणाले नाहीत. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. फक्त "किती?" हे पुन्हा मला विचारलं नाही. डोळा बरा झालाय, आता मला दिसतं, असं म्हणत. वर्षभराने माझं वय गच्चीवर जाण्याचं राहिलं नाही असं घरातल्या बायकांनी ठरवलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

तर हा छंद वाढतोय की संपतोय, असं मुलाने पुण्याहून मला विचारलं. त्याला मी पांढऱ्या कबुतराचा फोटो पाठवला होता. त्याचं आपलं मत तयार होतं: वाढतोय. २०२०च्या टाळेबंदीत त्यानेच मला बातमी पाठवली होती, बेल्जियममधली न्यू किम नावाची दोन वर्षांची मादी लिलावात सोळा लाख युरोला गेली, म्हणजे चौदा कोटी रुपयांच्या घरात, घेणारा चीनचा. त्याच्या आदल्या वर्षी आर्मांडो नावाचा नर साडेबारा लाख युरोला. मी त्याला म्हटलं, अरे, किंमत वाढणं म्हणजे छंद वाढणं नव्हे. सोनं वाढलं म्हणून काय दागिने जास्त घातले जातात? ब्रिटनच्या राजघराण्यात बेल्जियमच्या राजाने १८८६ साली भेट दिलेल्या कबुतरांपासूनची परंपरा अजून चालू आहे, पण तिथल्या खाणी बंद पडल्या तशा खाणकामगारांच्या परसातल्या ढाबळी ओस पडल्या. आपल्याकडे चेन्नई, बंगळुरू, कोलकाता इथे ती दूरच्या पल्ल्याची शर्यत आहे: पायात रिंग, शेकडो किलोमीटरवर सोडायचं, सगळ्यात वेगाने घरी येईल ते जिंकलं. उत्तरेत उलटं. इथे लवकर येणारा हरतो. पहाटे सोडायचं आणि जो दिवसभर वर टिकेल, तो मोठा. एकाच पक्ष्याला एकीकडे घरी येण्याचं बक्षीस आणि दुसरीकडे न येण्याचं. आणि हिंदी पेपरात 'कबूतरबाजी' शोधा, बातम्या येतील त्या बोगस व्हिसावर पोरांना परदेशी पाठवणाऱ्या दलालांच्या. गच्चीवरून उतरून शब्द कुठल्या कुठे गेला.

कबूतर भात खाईना म्हणून मी तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. तो हसला. "चावल नहीं आंटी, बाजरा." मग काय वाटलं कोण जाणे, मी त्याला म्हटलं, मी येते. बुटांच्या खोक्याला भोकं पाडून त्यात कबूतर घातलं आणि रिक्षाने हजिऱ्याला, त्याच्या वस्तीकडे निघाले. रिक्षावाल्याने आरशातून तीनदा खोक्याकडे पाहिलं. मनात होतं की डोळ्यांनी पाहिलं तर पोरगा ठेवून घेईल. पंचविशीचा असेल, दिवसा मोबाइल दुरुस्त करतो. तीन मजले चढून वर गेले, तर गच्ची नव्हे, कारखाना. लोखंडी जाळीच्या खोल्या, आत पंखे, कोपऱ्यात कॅमेरा, कारण कबुतरं चोरीला जातात. तिपाईवर मोबाइल, आभाळाकडे तोंड करून. बदामाचे तुकडे, चणे, बाजरी वेगवेगळ्या डब्यांत, ओआरएसची पाकिटं. त्याने खोकं उघडलं, कबूतर एका हातात असं घेतलं की त्याचे पाय बोटांमध्ये अडकले आणि पाठ तळव्यात आली. नाना अगदी तसंच धरत. छातीवरच्या पिसांत फुंकर मारून कातडी पाहिली. पंख उलगडला, दहा मोठी पिसं बोटाने मोजली. मग डोळा उन्हाकडे धरला आणि बराच वेळ बुबुळाकडे पाहत राहिला.

"माल तो अच्छा था," तो म्हणाला. पुन्हा तेच.

सांगू लागला. आदल्या संध्याकाळी पंखावर शिक्के मारतात, म्हणजे अदलाबदल होत नाही. प्रत्येकाच्या गच्चीवर दुसऱ्या कुणाचा तरी माणूस पंच म्हणून बसतो. या कबुतराला पाच चाळीसला सोडलं, दुपारी दोनपर्यंत दिसत होतं, मग लूने ओढून नेलं. अंधाराच्या आत आपल्याच छतावर उतरलं पाहिजे, नाहीतर सगळे तास बाद. बक्षिसाला मोटारसायकल होती. आठ तास त्या उन्हात, पाण्याच्या थेंबाशिवाय. मला गरगरल्यासारखं झालं आणि मी तसं बोललेही. तो रागावला नाही. म्हणाला, ज्याला झेपत नाही ते स्वतःच खाली येतं आंटी, कुणी दोरीने बांधलेलं नसतं. हे खरं असेलही. मला नाही पटलं. पण छंद वाढतोय का विचारल्यावर मात्र त्याचा चेहरा उजळला. त्यांचा ग्रुप भरला, दुसरा उघडावा लागला. टूर्नामेंटचं थेट प्रक्षेपण दुबईत कामाला गेलेली पोरं बघतात. वर ठिपका दिसेनासा होतो तरी बघतात.

सावलीत खाटेवर त्याचे आजोबा पडले होते. मला वाटलं झोपलेत. डोळे न उघडताच म्हणाले, "अब कबूतर उड़ता है, बेटी. टुकड़ी नहीं उड़ती." नातवाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे हे रोजचंच आहे. म्हाताऱ्याने मग उठून बसत सांगितलं, की त्यांच्या वेळी एका वेळेला आजूबाजूच्या दहा गच्च्यांवरून टुकड्या उठत, वर एकमेकींत मिसळत, आणि उतरताना कुणाचं कबूतर कुणाकडे आलं यावर रात्रभर भांडणं, समजुती, चहा. आता गच्चीला गच्ची राहिली नाही; मधे पाच मजले उठले, टाक्या बसल्या, वर तारा. मांजा वेगळाच. नायलॉनच्या मांजावर हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली, ती बंदी दुकानदारालाही माहीत आहे आणि गिऱ्हाइकालाही, म्हणून तो काउंटरखालून मिळतो. मी त्यांना नानांचं नाव सांगितलं, गोठ सांगितली. एवढी कबुतरं, एकच शहर, नक्की ओळखत असतील असं वाटलं. त्यांनी खूप वेळ विचार केला आणि मान हलवली. नाही. लष्करचे लोक वेगळे उडवायचे.

पोराने कबूतर परत माझ्या खोक्यात ठेवलं, वर बाजरीची एक पुडी ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. जिना उतरताना मला त्याचं फोनवरचं वाक्य आठवत होतं, दुसऱ्याच्या छतावर बसला तो आपला नाही. लष्करातली आम्ही मराठी माणसं दोनशे वर्षांपूर्वी दुसऱ्याच्याच छतावर येऊन बसलेली. नाशिककडचे आमचे भाऊबंद आम्हाला कोणत्या काळात बोलतात, देव जाणे.

आठवडाभर ते कबूतर न्हाणीघरात राहिलं. बाजरी खाऊ लागलं, चौथ्या दिवशी बादलीच्या कडेवर बसून घुमलं. हे म्हणाले, आता आजीच्या म्हणण्याप्रमाणे आपलं घर उजाड. त्यांचा खोकला लक्षात घेता अधिक ठेवणं शक्यच नव्हतं. रविवारी पहाटे, लू सुरू व्हायच्या आत, मी त्याला इमारतीच्या गच्चीवर नेलं. पायऱ्या चढताना माझ्या लक्षात आलं की मी शिट्टी वाजवायचा प्रयत्न करतेय. खोकं उघडलं. ते काठावर चढलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि तोच आवाज, पण एकट्याचा, रुमाल झटकल्याएवढा. तीन घिरट्या घेतल्या. दुसरीत किल्ल्यासमोरून पांढरं गेलं, वळून काळं झालं. हजिरा उत्तरेला. ते दक्षिणेकडे गेलं, आंतरीच्या दिशेने, आणि मी घड्याळ बघत उभी राहिले. अकरा मिनिटं ठिपका दिसत होता. नंतर मला दिसत होता की मी मानत होते, सांगता येत नाही. माझाही उजवा डोळा आता धुरकट आहे.

परवा जाळीवाला मुलगा उरलेला कोपरा लावायला आला. स्टूल मीच धरलं. हूक ओठांत धरायच्या आधी त्याने गॅलरीत, मग आतल्या खोलीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "आंटी, वो कबूतर? घर पहुँचा?"

"पहुँच गया," मी म्हटलं. "उसी दिन. मालिक का फोन आया था."

तो खूश झाला. जाळी ताणून त्याने शेवटचा हूक ठोकला आणि मागे ठेवलेले तीनशे मागितले.